ख्रिस्ती अंतकालविचार व ‘रॅप्चर’ मताचा उगम

(१)

वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्ष आपला हक्क अधिकाधिक जुना ठरविण्याच्या मागें लागतात, हा अनुभव जुन्या कागदांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. एक पक्ष आदिलशाही फर्मान पुढें करतो. दुसरा त्याहून जुना बहामनी कागद काढतो. त्यांपैकीं अस्सल कोणता, नक्कल कोणती आणि मागाहून रचलेला कोणता हें पाहणें संशोधकाचें काम. वतन कोणास द्यावें हा निवाडा त्याच्याकडे नसतो. असाच एक तंटा युरोप-अमेरिकेंतील ख्रिस्ती पंथांत दीडशेंहून अधिक वर्षें चालू आहे. त्याचा विषय जमीन नसून एक धर्ममत आहे. परंतु पुरावा म्हणून जें पुढें येतें तें आपल्या ओळखीचेंच आहे : पोथ्या व त्यांच्या नकला, टोपणनांवानें लिहिलेले ग्रंथ, वीस-तीस वर्षांनीं लिहिलेल्या आठवणी, आणि एका तरुण मुलीच्या दर्शनाचें टिपण.

तंट्याचें स्वरूप असें. जगाच्या अंतीं येशू ख्रिस्त पुन्हां येईल, ही गोष्ट बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांस मान्य आहे. परंतु त्या प्रकट येण्यापूर्वीं, जगावर महासंकट कोसळण्याच्या आधींच, खऱ्या भक्तांस एकाएकीं आकाशांत उचलून घेतलें जाईल, असें एक मत आहे. इंग्रजींत या प्रसंगास ‘रॅप्चर’ म्हणतात. हें मत आद्य ख्रिस्ती मंडळीइतकें जुनें आहे, असें त्याच्या अनुयायांचें म्हणणें. तें १८३० च्या सुमारास निघालें, त्यापूर्वीं त्याची कोणास वार्ताहि नव्हती, असें विरोधकांचें म्हणणें. आम्ही या वादांतील कोणत्याहि पक्षाचे अभिमानी नाहीं. दोन्ही पक्षांनीं जीं साधनें मांडलीं आहेत त्यांची परीक्षा आपल्या नेहमींच्या पद्धतीनें केल्यास काय निष्पन्न होतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम मूळ वचन. पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेलें पहिलें पत्र हें इ. स. ५०-५१ च्या सुमाराचें, म्हणजे ख्रिस्ती वाङ्मयांतील अगदीं आरंभींच्या लेखांपैकीं एक आहे. तें लिहिण्याचें एक कारण मोठें मानवी होतें. प्रभु लवकरच येणार या भरंवशावर राहिलेल्या त्या लहानशा मंडळींतील कांहीं माणसें मरण पावलीं. मागें राहिलेल्यांस प्रश्न पडला कीं, आमचीं मेलेलीं माणसें आतां त्या सोहळ्यास मुकलीं काय? पौल त्यांस धीर देतो : मेलेले आधीं उठतील, मग जिवंत असलेले आपण त्यांच्यासह मेघांत उचलले जाऊं, आकाशांत प्रभूस सामोरे जाऊं, आणि मग सदोदित त्याच्याजवळ राहूं. (अध्याय ४.)

‘उचलले जाऊं’ या ठिकाणीं मूळ ग्रीकमध्यें ‘हार्पाझो’ या धातूचें रूप आहे. झडप घालून नेणें, हिसकावून घेणें असा त्याचा अर्थ. लॅटिन भाषांतरांत त्याजागीं ‘रापिओ’ धातु आला आणि त्याच कुळांतून ‘रॅप्चर’ हा शब्द पुढें आला. परंतु वादाच्या दृष्टीनें याच वाक्यांतील दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. ‘सामोरें जाणें’ याला ग्रीकमध्यें ‘अपांतेसिस’ म्हटलें आहे. एखादा राजा किंवा अधिकारी नगराकडे येऊं लागला म्हणजे नागरिक बाहेर जाऊन त्यास भेटत व त्याला घेऊन नगरांत परतत. त्या रिवाजास हा शब्द लावीत. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत रोमचे ख्रिस्ती बंधु पौलास भेटावयास अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात, तेथें हाच शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टांतांतहि तोच आहे. आपल्याकडे पालखी येणार असली म्हणजे गांवकरी वेशीबाहेर सामोरे जातात आणि टाळमृदंगाच्या गजरांत तिच्यासह गांवांत परत येतात. पालखीस सामोरें गेलेला मनुष्य गांव सोडून गेला, असें कोणी म्हणत नाहीं.

यावरून एक पक्ष म्हणतो कीं, भक्त वर जातील ते येणाऱ्या प्रभूबरोबर लागलेच पृथ्वीवर परतण्यासाठीं. उचललें जाणें व प्रकट आगमन हीं एकाच प्रसंगाचीं दोन अंगें होत. दुसरा पक्ष योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाकडे बोट दाखवितो. तेथें येशू शिष्यांसाठीं जागा तयार करून त्यांस आपणाजवळ नेण्याचें वचन देतो. त्या अर्थीं भक्त वर जातील ते स्वर्गांत राहण्यासाठीं. आकाशांतील भेटीनंतर मंडळी वर जाते कीं खालीं येते, हें पौलाच्या वाक्यांत सांगितलेलें नाहीं. सर्व वाद या मोकळ्या जागेंत उभा आहे. दुःखितांचें सांत्वन करण्यासाठीं लिहिलेलें पत्र पुढें कालगणनेचें साधन झालें, ही गोष्ट लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे.

(३)

वादाची दुसरी भूमि म्हणजे योहानाच्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथाचा विसावा अध्याय. तेथें सैतानास हजार वर्षें बांधून ठेवल्याचें व त्या काळांत ख्रिस्तासह भक्तांनीं राज्य केल्याचें वर्णन आहे. या हजार वर्षांच्या अर्थावरून तीन पंथ झाले.

पहिला पंथ म्हणतो कीं, आधीं ख्रिस्त येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षांचें राज्य होईल. दुसऱ्या शतकांतील जस्टिन व इरिनीयस हे या मताचे होते. मात्र आपलें मत सर्वच सच्च्या ख्रिस्ती लोकांस मान्य नाहीं, हें जस्टिननें स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. दुसऱ्या पंथाचा आधारस्तंभ पांचव्या शतकाच्या आरंभींचा संत ऑगस्टीन. ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागांत त्यानें हीं हजार वर्षें म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा चालू काळच होय, असा रूपकात्मक अर्थ लाविला. रोमन कॅथोलिक, पौर्वात्य ऑर्थोडॉक्स आणि लूथर-कॅल्विन यांच्या परंपरेंतील बहुतेक पंथ आजहि याच बाजूचे आहेत. त्यांच्या शिकवणुकींत निराळ्या ‘रॅप्चर’ला स्थान नाहीं. तिसरा पंथ म्हणतो कीं, धर्मप्रसारानें जग हळूहळू सुधारेल, तें सुवर्णयुग म्हणजेच हजार वर्षें, व ख्रिस्त त्यानंतर येईल. इंग्लंडांत डॅनियल व्हिटबीनें १७०३ सालीं हें मत मांडलें. विल्यम केरी यांच्या पिढींतील मिशनरी चळवळीस या आशेचें मोठें पाठबळ होतें. जग सुधारणारच असेल तर दूरदेशीं जाऊन छापखाने घालणें व भाषांतरें करणें सार्थ ठरतें.

ग्रंथ वाचण्याच्या पद्धतींतहि असाच भेद आहे. बरींचशीं भाकितें इ. स. ७० मध्यें जेरुसलेमचा विध्वंस झाला तेव्हांच पुरीं झालीं, असें कांहीं मानतात. प्रॉटेस्टंट सुधारकांनीं त्यांत सबंध युरोपचा इतिहास पाहिला. त्यांच्या दृष्टीनें ख्रिस्तविरोधक म्हणजे पोपचें आसन, आणि भाकितांतील एक दिवस म्हणजे एक वर्ष. त्यास उत्तर म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील जेझुइट पंडित फ्रान्सिस्को रिबेरा यानें ख्रिस्तविरोधक ही अंतकाळीं यावयाची एक व्यक्ति आहे, पोप नव्हे, असें प्रतिपादन केलें. पोपच्या बचावासाठीं निघालेली ही भविष्यवादी वाचनपद्धति पुढें पोपच्या कट्टर विरोधकांनींच उचलली, हें मतांच्या इतिहासांतील एक नवल आहे.

‘रॅप्चर’चा प्रश्न मुख्यतः वरील पहिल्या पंथाच्या पोटांत उद्भवतो. दानीएलाच्या नवव्या अध्यायांत सत्तर सप्तकांचा, म्हणजे चारशेंनव्वद वर्षांचा हिशेब आहे. त्यांपैकीं शेवटचें सप्तक वेगळें काढून तें अजून यावयाचें आहे असें मानलें, म्हणजे सात वर्षांच्या महासंकटाचा काळ मिळतो. त्याचा अर्धा भाग साडेतीन वर्षें, म्हणजेच प्रकटीकरणांतील बाराशें साठ दिवस. भक्तांचें उचललें जाणें हें या सात वर्षांच्या आधीं, मध्यें कीं शेवटीं, यावरून तीन पोटमतें झालीं. ‘आधीं’ म्हणणारे प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत फिलदेल्फियाच्या मंडळीस संकटाच्या घटकेपासून राखण्याचें जें वचन आहे तें दाखवितात. ‘शेवटीं’ म्हणणारे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायावर भर देतात. तेथें निवडलेल्यांस गोळा करणें हें संकटानंतर सांगितलें आहे.

(४)

आतां साधनांकडे वळूं. ‘संकटाच्या आधीं’ हें मत प्राचीन ठरविण्यासाठीं पुढें केलेला सर्वांत जुना लेख म्हणजे अंतकाळ, ख्रिस्तविरोधक व जगाचा शेवट यांविषयींचें एक लॅटिन प्रवचन. तें संत एफ्रेमच्या नांवावर चालतें. एफ्रेम हा सिरियन भाषेंतील थोर कवि व धर्मवेत्ता, तो इ. स. ३७३ मध्यें एदेसा येथें वारला. हें प्रवचन सी. पी. कास्पारी या पंडितानें १८९० सालीं संपादून छापलें. ‘रॅप्चर’च्या वादांत त्याचा उपयोग मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. येणाऱ्या संकटापूर्वीं सर्व संतांस एकत्र करून प्रभूकडे घेतलें जातें, म्हणजे त्यांस तो गोंधळ पाहावा लागूं नये, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत आहे. वाक्य पाहतांच अनुयायांस वाटलें कीं, आपणांस हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची सनद मिळाली.

परंतु या सनदेची परीक्षा केली असतां तीन गोष्टी दिसतात. पहिली : कर्तृत्व. उपलब्ध प्रतींपैकीं कांहींत एफ्रेमचें, तर कांहींत सेव्हिलच्या इसिडोरचें नांव आहे. दोघांत अडीचशें वर्षांचें अंतर आहे. ज्या लेखावर दोन थोर नांवें पडतात, तो बहुधा दोघांचाहि नसतो. आपल्याकडील अभंगांच्या वह्यांत हा प्रकार पावलोपावलीं आढळतो. म्हणूनच विद्वान या लेखकास ‘मिथ्या-एफ्रेम’ म्हणतात, व प्रवचनाचा काळ चौथ्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत निरनिराळा धरतात. दुसरी : भाषा. एफ्रेमची भाषा सिरियन. हें प्रवचन लॅटिन. एफ्रेमच्या नांवावर याच विषयाचें सिरियन प्रवचनहि चालतें, पण त्यांत हें वाक्य नाहीं. तिसरी व सर्वांत वजनदार : संदर्भ. याच प्रवचनाच्या उत्तरार्धांत ख्रिस्तविरोधकाचा अंमल, भक्तांचा छळ, आणि शेवटीं ख्रिस्ताचें एकच आगमन व मृतांचें उठणें असा क्रम आहे. दोन टप्प्यांचें आगमन त्यांत नाहीं. तेव्हां ‘प्रभूकडे घेणें’ म्हणजे देहासह आकाशांत नेणें, कीं मंडळींत आणून सुरक्षित करणें, हा अर्थाचा प्रश्न उरतोच. एका वाक्यावरून सबंध लेखाचें मत ठरविणें हें सनदेवरील एका शिक्क्यावरून सबंध सनद खरी मानण्यासारखें आहे.

(५)

दुसरें साधन अठराव्या शतकांतील असून त्याच्या अस्सलपणाबद्दल वाद नाहीं. मॉर्गन एडवर्डस् हा वेल्समध्यें १७२२ सालीं जन्मलेला बॅप्टिस्ट धर्मगुरु. ब्रिस्टल येथील विद्यालयांत शिकत असतां त्यानें सहस्रवर्षांच्या राज्याविषयीं एक निबंध लिहिला. पुढें तो अमेरिकेस गेला आणि तो निबंध १७८८ सालीं फिलाडेल्फिया येथें छापून निघाला. त्यांत भक्तांचें उठणें व उचललें जाणें हें हजार वर्षांच्या राज्यापूर्वीं सुमारें साडेतीन वर्षें होईल, असें त्यानें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे दोन प्रसंगांमध्यें ठराविक अंतर ठेवण्याची कल्पना १८३० पूर्वीं बेचाळीस वर्षें छापलेली होती. ‘१८३० पूर्वीं कोणास वार्ता नव्हती’ हें विरोधकांचें विधान एवढ्यानें ढासळतें. मात्र या निबंधावरून पुढील प्रवर्तकांनीं आपलें मत घेतलें, असा दुवा दाखवितां येत नाहीं. साम्य म्हणजे वंश नव्हे.

तिसरें साधन हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष मोहविणारें आहे. मान्युएल लाकुंझा हा चिलींतील सांतियागो शहरीं १७३१ सालीं जन्मलेला जेझुइट. १७६७ मध्यें स्पेनच्या राजानें जेझुइटांस आपल्या सर्व मुलखांतून हद्दपार केलें. लाकुंझा इटलींतील इमोला गांवीं येऊन राहिला. तेथें त्यानें ‘मसीहाचें वैभवानें व प्रतापानें येणें’ हा मोठा ग्रंथ स्पॅनिशमध्यें लिहिला आणि त्यावर स्वतःचें नांव न घालतां ‘हुआन होसाफात बेन-एझ्रा’ या यहुदी वाटणाऱ्या टोपणनांवाचा आश्रय घेतला. १८०१ सालीं तो मरण पावला, तोंवर ग्रंथ छापला गेला नव्हता. पण त्याच्या हातच्या नकला स्पेनमध्यें व दक्षिण अमेरिकेंत फिरत होत्या. प्रथम तो काडिझ येथें निघाला. १८१६ सालीं आर्जेंटिनाचा सेनानी मान्युएल बेल्ग्रानो यानें पुढाकार घेऊन लंडनला त्याची चार भागांची आवृत्ति काढविली. १८२४ सालीं रोमनें तो निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घातला; आणि १८२७ सालीं लंडनमधील स्कॉटिश धर्मोपदेशक एडवर्ड अर्व्हिंग यानें त्याचें इंग्रजी भाषांतर लांबलचक प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलें.

लाकुंझाचें मुख्य म्हणणें असें कीं, ख्रिस्ताचें येणें व शेवटचा न्याय हे एकाच दिवशीं होणारे प्रसंग नसून त्यांमध्यें दीर्घ काळ आहे. ‘संकटाआधीं गुप्तपणें उचलणें’ हें तयार मत त्याच्या ग्रंथांत शोधणें म्हणजे मागाहूनच्या चष्म्यानें पाहणें होय. तरीपण अंतकाळाचे प्रसंग सुटे करून त्यांमध्यें अंतर मोजण्याची संवय इंग्रज वाचकांस लावण्यांत या ग्रंथाचा वांटा मोठा आहे. त्याचें पडसाद फार दूरवर गेले. १९४० सालीं सांतियागोच्या आर्चबिशपांनीं या विषयासंबंधीं रोमकडे विचारणा केली. आणि १९४४ सालीं रोमच्या धर्मकार्यालयानें, ख्रिस्त शेवटच्या न्यायापूर्वीं पृथ्वीवर दृश्य रूपानें राज्य करावयास येईल हें सौम्य स्वरूपाचें मतहि निर्धोकपणें शिकवितां येत नाहीं, असा निर्णय दिला. टोपणनांवाच्या एका हस्तलिखिताचा माग त्याच्या कर्त्याच्या जन्मगांवीं दीडशें वर्षांनीं पुन्हां निघाला.

(६)

चौथें साधन म्हणजे वादाचा गाभा. स्कॉटलंडांतील पोर्ट ग्लासगो गांवीं १८३० च्या वसंत ऋतूंत मार्गारेट मॅकडॉनल्ड नांवाच्या मुलीस ख्रिस्ताच्या येण्यासंबंधीं दर्शन झालें. त्या भागांत त्या वर्षीं अनोळखी वाचा फुटणें, रोगी बरे होणें अशा घटनांची मोठी चर्चा होती. मार्गारेटनें आपलें दर्शन लिहून ठेविलें. रॉबर्ट नॉर्टन या गृहस्थानें १८४० सालीं तिच्या भावांच्या चरित्रांत तें छापलें, व १८६१ सालीं दुसऱ्या ग्रंथांत तें पुन्हां संक्षेपानें दिलें. १९७३ सालीं डेव्ह मॅकफर्सन या अमेरिकन लेखकानें, ‘रॅप्चर’ मताचा खरा उगम हेंच दर्शन होय, असा दावा मांडून खळबळ उडविली.

येथें दोन छापील पाठांपैकीं १८४० चा विस्तृत पाठ आधीं पाहावा, हा साधा नियम. त्या पाठांत आत्म्यानें भरलेल्यांसच प्रभूचें येणें दिसेल, ही कल्पना आहे. पण त्याचबरोबर मंडळी अग्निपरीक्षेंतून जाणार असल्याचाहि स्पष्ट उच्चार आहे. म्हणजे संकट टळण्याचें मत त्यांतून सरळ निघत नाहीं. दर्शनाचा लेख अस्सल. त्याजवर चढविलेला अर्थ शंकास्पद.

यापेक्षां जुनी साक्ष सॅम्युअल प्रिडो ट्रेगेलिस यांची. बायबलाच्या ग्रीक हस्तलिखितांचे हे नामांकित परीक्षक. १८४५ सालीं ते व्हॅटिकनमधील प्राचीन प्रत ताडून पाहण्यासाठीं रोमला गेले, पण तिची नक्कल करण्याची परवानगी त्यांस मिळाली नाहीं. १८६४ सालीं छापलेल्या पुस्तकांत त्यांनीं असें लिहिलें कीं, गुप्तपणें उचलून घेण्याची शिकवण प्रथम अर्व्हिंगच्या मंडळींत दैवी ‘उद्गार’ म्हणून निघाली. साक्षीदार मोठा विद्वान आहे. पण साक्ष कशी आहे? ती घटनेनंतर तीस वर्षांनीं दिलेली आहे. त्या घटनेच्या वेळीं साक्षीदाराचें वय सतरा-अठरा होतें. कोणत्या कागदावरून हें कळलें, तें सांगितलेलें नाहीं. शिवाय ट्रेगेलिस हे बेंजामिन न्यूटन यांचे आप्त व पक्षपाती; आणि प्लिमथ येथील बंधुमंडळींत १८४५ सालीं न्यूटन व डार्बी यांच्यांत जी फूट पडली तिच्या मुळाशीं अंतकाळाविषयींचा मतभेदहि होता. पाठभेदांत एकेक अक्षर तपासणाऱ्या पंडितानें विरुद्ध पक्षाच्या उगमाविषयीं लिहितांना तोच कांटा वापरला नाहीं. मनुष्यस्वभावाची ही बाजू आम्हां संशोधकांसहि बोध घेण्यासारखी आहे.

उरला जॉन नेल्सन डार्बी, ज्यानें हें मत निश्चितपणें बांधून जगभर पसरविलें. त्याचा जन्म १८०० सालीं लंडनला झाला. तो आयर्लंडांत धर्मगुरु होता. १८२७ च्या अखेरीस घोड्यावरून झालेल्या अपघातामुळें त्यास अंथरुणास खिळून राहावें लागलें, आणि त्या विश्रांतिकाळांत ख्रिस्ती मंडळी व इस्रायल यांचें भवितव्य अगदीं वेगळें आहे हें आपणांस उमगलें, असें तो पुढें सांगे. परंतु १८५० सालीं लिहितांना त्यानें थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांतील वचनामुळें वीस वर्षांपूर्वीं आपणांस हें समजलें असें म्हटलें आहे. तो हिशेब १८३० चा येतो. दोन्ही साक्षी त्याच्याच, दोन्ही मागाहूनच्या. १८२९ सालच्या त्याच्या भविष्यविषयक निबंधांत हें मत पूर्ण रूपानें दिसत नाहीं. पोर्ट ग्लासगोला तो १८३० सालीं स्वतः गेला होता, व तेथील प्रकार आपणांस पटला नाहीं, असें त्यानें १८५३ सालीं छापलें. आयर्लंडांतील पावर्सकोर्ट वाड्यांत १८३१ ते १८३३ या सालांत भविष्यविषयक सभा भरल्या. लंडनला अर्व्हिंगच्या मित्रांचें ‘मॉर्निंग वॉच’ हें त्रैमासिक १८२९ ते १८३३ पर्यंत याच विषयाला वाहिलेलें होतें. अशा वातावरणांत एकच विचार एकाहून अधिक डोक्यांत उगवणें अशक्य नाहीं.

(७)

या मतांचा प्रवास आपल्या किनाऱ्यापर्यंत त्याच काळांत पोंचला होता. एक्सेटरचे दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्हज हे बंधुमंडळीच्या आद्य पुरुषांपैकीं एक. प्रभु लवकर येणार या श्रद्धेनें ते १८२९ सालीं बगदादला गेले. १८३१ च्या प्लेगांत त्यांची पत्नी तेथें वारली. आणि १८३३ सालीं ते मुंबईस उतरले. त्याच सालीं जोझेफ वोल्फ हे बुखारा, काबूल व हिंदुस्थान असा प्रवास करीत मुंबईस आले. वोल्फ हे बव्हेरियांतील एका रब्बीचे पुत्र, मागाहून ख्रिस्ती झालेले, आणि अर्व्हिंगच्या मंडळांतील. १८४७ सालीं ख्रिस्त येईल असें ते जागोजाग सांगत. अर्व्हिंगची शाखा व डार्बीची शाखा यांचीं दोन माणसें एकाच वर्षीं मुंबईंत यावींत, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

१८४७ साल आलें आणि गेलें. त्यापूर्वीं अमेरिकेंत विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकानें दानीएलांतील २३०० दिवस म्हणजे वर्षें मानून व इ. स. पूर्व ४५७ पासून मोजून हिशेब मांडला होता. त्याच्या अनुयायांनीं शेवटीं २२ ऑक्टोबर १८४४ ही तिथि धरली. कांहींनीं शेतांतील उभीं पिकें तशींच सोडलीं, कांहींनीं दुकानें बंद केलीं. दुसऱ्या दिवशीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला. २१ मे २०११ ही तिथि सांगणाऱ्या हॅरोल्ड कँपिंग यांच्या अनुयायांचाहि अनुभव निराळा नव्हता. डार्बीच्या मतांत मात्र अशी तिथि नाहीं. उचललें जाणें कोणत्याहि क्षणीं होऊं शकतें, हेंच त्याचें मर्म. जें मत तिथि देत नाहीं त्यास दिनदर्शिका खोटें पाडूं शकत नाहीं. त्याच्या टिकाऊपणाचें एक कारण हें असावें. १८६२ पासून डार्बीनें उत्तर अमेरिकेच्या अनेक वाऱ्या केल्या. १९०९ सालीं सायरस स्कोफील्ड यांनीं टीपांसह बायबल प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून हें मत पवित्र वचनाच्या पानावरच, त्याच्या तळाशीं, छापलें जाऊं लागलें. टीप व मूळ वचन एकाच पृष्ठावर वाचणाऱ्या सामान्य भाविकास दोहोंतील अठराशें वर्षांचें अंतर दिसेनासें झालें. पोथीच्या समासांतील टिपण पुढच्या नकलेंत मूळ संहितेंत शिरतें, त्याचाच हा छापखान्यांतील प्रकार होय.

(८)

एकंदर परीक्षेचें फलित असें मांडतां येईल. महासंकटाच्या आधीं निराळें उचललें जाणें, हें मत प्राचीन मंडळीचें होतें असें सिद्ध करणारें निःसंदिग्ध साधन पुढें आलेलें नाहीं. मिथ्या-एफ्रेमचें प्रवचन तें ओझें पेलीत नाहीं. उलट, हें मत एका मुलीच्या दर्शनांतून १८३० सालीं एकाएकीं जन्मलें, हेंहि सिद्ध होत नाहीं. एडवर्डस् यांचा १७८८ चा छापील निबंध त्याच्या आड येतो, व मार्गारेटचा स्वतःचा पाठहि येतो. अखंड परंपरा दाखवितां येते ती डार्बीपासून पुढें. त्यामागें तुटक, एकमेकांस न शिवणारे धागे आहेत.

परंतु खरी गोष्ट याहून पुढची आहे. दोन्ही पक्ष एक गृहीतकृत्य न तपासतां वापरतात : मत जुनें म्हणजे खरें, नवें म्हणजे खोटें. वि. का. राजवाडे यांनीं बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक प्रमाण मानण्याचा जो दंडक महाराष्ट्रास घालून दिला, तो ‘काय घडलें’ हें ठरविण्यासाठीं. ‘काय मानावें’ हें ठरविण्यासाठीं नव्हे. डार्बीचें मत नवें असूनहि त्याच्या अनुयायांस वचनाच्या अर्थावरून तें खरें वाटूं शकेल. ऑगस्टीनचें मत जुनें असल्यामुळें तेवढ्यानेंच तें सिद्ध होत नाहीं. तो निवाडा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. श्रद्धेच्या बचावासाठीं कागदास त्याच्या वयाहून म्हातारा किंवा तरुण ठरविणें मात्र कोणासच शोभत नाहीं.

शेवटीं एक सूचना. मूळ वचनांतील ‘झडप घालून नेणें’ व ‘सामोरें जाणें’ या दोन शब्दांवर सगळा वाद उभा आहे, हें वर दाखविलेंच. हे शब्द मराठींत कसे उतरले, हा आपल्या आवाक्यांतील शोध आहे. केरी यांनीं पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्यानें केलेला व सेरामपूर येथें १८११ सालीं मोडी टाइपांत छापलेला नवा करार; त्यानंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनचें भाषांतर; आणि पंडिता रमाबाई यांनीं मूळ भाषांवरून केलेलें व त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिमिशनांत छापलेलें बायबल, हीं शेजारीं-शेजारीं ठेवून थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय ताडून पाहावा. भाषांतरकारानें ‘उचलणें’ योजिलें कीं ‘ओढून नेणें’, ‘भेटणें’ योजिलें कीं ‘सामोरें जाणें’, यावरून त्याच्या डोळ्यांसमोर वचनाचें कोणतें चित्र होतें हें अंशतः कळेल. या आवृत्त्यांच्या जुन्या प्रती, विशेषतः समासांत वाचकांच्या टिपा असलेल्या, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या जतन कराव्या व त्यांतील या स्थळांच्या नकला प्रसिद्धीस आणाव्या, अशी आमची विनंति आहे.